व्हीलचेअरचं माप आणि अपंगत्वाचा दाखला: बोर्डापुढे जाण्याआधीची तयारी

मी धनकवडीत राहते, ब्लाऊज शिवते. माझ्या मापाच्या वहीत एवढ्या बायकांच्या पानांमध्ये एक पान माझ्या धाकट्या भावाचं आहे. त्यावर छाती, कंबर, मुंढा असलं काही नाही. बसल्यावर मांड्यांची रुंदी साडेचौदा इंच, पाठीमागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत अठरा, लवणीपासून टाचेपर्यंत सतरा. ही व्हीलचेअरची मापं. ती घ्यायला मला चार वर्षं लागली, कारण खुर्चीलासुद्धा माणसाचं माप लागतं आणि ते माप सरकारी दाखल्याच्या कामी येतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाळा, म्हणजे माझा भाऊ, २०२१ च्या पावसाळ्यात परांचीवरून पडला. गवंडीकाम करायचा. मणक्याला मार बसला. पाय पूर्ण गेले नाहीत, पण उजव्यात जेमतेम जीव आहे, डाव्यात थोडा जास्त. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी चौकट, बांधून वॉकर धरला तर खोलीत आठ-दहा पावलं टाकतो. बाकी सगळा दिवस खुर्चीवर. लघवी आपोआप होत नाही, दर चार तासांनी नळी घालून काढावी लागते.

२०२२ मध्ये पहिल्यांदा दाखल्यासाठी गेलो तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे एवढंच होतं. तीन तास रांगेत, आत पाच मिनिटं. डॉक्टरांनी विचारलं, "चालता येतं का?" बाळा म्हणाला, "येतं." "जिना?" "धरून चढतो." वर्षभरात तो एकदाच जिना चढला होता, तोही दोघांनी उचलून. "लघवी-संडास?" "ठीक आहे." मी शेजारी उभी होते, मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसले. तिथे अजून सहा माणसं उभी होती, त्यांच्यासमोर भावाच्या लघवीच्या नळीबद्दल बोलणं मला जमलं नाही. दाखला मिळाला ६० टक्क्यांचा, तात्पुरता, तीन वर्षांचा.

म्हणून पहिलीच गोष्ट सांगते. बोर्डापुढे, म्हणजे तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरांपुढे, खोटं एक अक्षर बोलू नका, पण खरं अर्धंही ठेवू नका. स्वाभिमानी माणूस डॉक्टरांसमोर आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाबद्दल बोलतो. बोर्डाला रोजचा दिवस कळायला हवा. लघवीवरचा ताबा गेला असेल तर ते मज्जातंतूंच्या नुकसानाचं लक्षण असतं आणि तपासणीत त्याचाही विचार होतो. आम्ही तेच लपवलं होतं.

टक्के एवढे महत्त्वाचे का, ते थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. आपल्याकडची संजय गांधी निराधार अनुदान योजना ४० टक्क्यांवर मिळते. वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये झाले, आधी १,५०० होते. ८० टक्क्यांवर दुसरी पायरी आहे. केंद्राची दारिद्र्यरेषेखालच्यांसाठीची दिव्यांग पेन्शन ८० टक्क्यांपासून सुरू होते, बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल द्यायलाही ८० ची अट असते. घरात कोणी आयकर भरत असेल तर जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ओळखपत्राचा रंगसुद्धा त्याप्रमाणे बदलतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं.

२०२५ मध्ये दाखल्याची मुदत संपत आली आणि पुन्हा तपासणी करायची वेळ आली. या वेळी आम्ही आधी एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे गेलो. हे नाव बऱ्याच जणांना माहीत नसतं. फिजिओथेरपिस्ट सांध्यांची आणि स्नायूंची ताकद बघतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट माणूस अंघोळ कशी करतो, कपडे कसे घालतो, पलंगावरून खुर्चीवर कसा जातो हे बघतात. व्हीलचेअरची तपासणी दोघंही करू शकतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत हे विभाग असतात, तिथे केसपेपरच्या पैशांत काम होतं. विचारताना एवढंच म्हणा: "व्हीलचेअरसाठी तपासणी करून लेखी रिपोर्ट हवा आहे." नुसतं "व्हीलचेअर पाहिजे" म्हटलं तर कुठल्या तरी संस्थेचा पत्ता हातात पडतो.

तपासणीला जवळजवळ दीड तास लागला. जी खुर्ची वापरता ती घेऊनच या, असं बाईंनी सांगितलं होतं. आमची खुर्ची दानातून मिळालेली, १८ इंची बैठकीची. त्यांनी बाळाला एका कडक बाकावर ताठ बसवलं, दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक मांडीला टेकवून उभं धरलं आणि दोन पुस्तकांमधलं अंतर टेपने मोजलं. साडेचौदा. मी बघतच राहिले. टेप अंगावर गुंडाळून घेतलेलं माप इथे चालत नाही, सरळ रेषेतली रुंदी लागते. माणूस साडेचौदाचा आणि खुर्ची अठराची, म्हणजे साडेतीन इंच मोकळी जागा. म्हणून तो सतत उजवीकडे कलायचा. आम्हाला वाटायचं सवय आहे.

घरी करून बघायला सोपं आहे, म्हणून सगळं लिहिते. बैठकीची रुंदी म्हणजे ते पुस्तकांमधलं अंतर, अधिक दोन्ही बाजूंना एकेक बोट जाईल इतकी जागा. बैठकीची खोली म्हणजे पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन इंच कमी. खोली जास्त झाली तर कड लवणीत रुतते आणि माणूस पुढे घसरून बसतो. पायाच्या पाट्यांची उंची लवणीपासून टाचेपर्यंतच्या मापावरून ठरते, आणि ते माप रोजची चप्पल किंवा बूट घालूनच घ्यायचं. पाठ किती उंच? स्वतः चाकं फिरवणाऱ्या माणसाला खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत पुरे. त्याहून उंच पाठ हाताला आडवी येते. हात चाकाच्या वरच्या बिंदूवर ठेवला की कोपर काटकोनात किंवा थोडं जास्त उघडं राहिलं पाहिजे. आमच्या खुर्चीत बाळाला खांदे कानाला लावून चाक ढकलावं लागत होतं. रात्री खांदे दुखतात म्हणायचा, मी तेल लावून द्यायचे.

मग बाईंनी त्याला कुशीवर वळवलं आणि बसण्याच्या हाडावरची कातडी बघितली. उजवीकडे रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी बोटाने दाबून सोडला. दाबल्यावर लाली जाऊन परत आली तर ठीक, पण ती गेलीच नाही. ही बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. त्याला तिथे नीट संवेदना नाही, म्हणून दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून आम्ही बघत नव्हतो. ज्यांच्या घरी कमरेखाली संवेदना गेलेलं माणूस आहे त्यांनी रोज रात्री आरसा धरून किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी ती जागा बघायचीच. एवढ्यासाठी जरी तपासणीला गेलो असतो तरी ती मला सार्थकी लागली म्हणता आलं असतं.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. त्यात काय असावं ते सांगते, कारण नुसतं "रुग्णाला व्हीलचेअरची गरज आहे" अशा एका ओळीच्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही. मणक्याची कुठली पातळी, प्रत्येक पायाच्या मुख्य स्नायूंची ताकद ० ते ५ च्या श्रेणीत, आधाराशिवाय बसता येतं का, पलंगावरून खुर्चीवर जाताना किती मदत लागते, चालणं असेल तर किती पावलं, कशाच्या आधाराने आणि त्यानंतर किती वेळ विश्रांती. लघवी-संडासची पद्धत. कातडीची अवस्था, त्या लाल डागाच्या मापासकट. घर: कितवा मजला, लिफ्ट आहे का, दारं किती रुंद. शेवटी कुठल्या प्रकारची खुर्ची, कुठली गादी, कोणत्या मापाची आणि का. खाली सही, शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात या दोन्ही थेरपिस्टांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक आहे ना हे बघून घ्या.

या रिपोर्टने टक्के ठरत नाहीत. ते फक्त बोर्डाचे डॉक्टरच ठरवतात. पण पाच मिनिटांत जे दिसणार नाही ते या कागदावर असतं.

त्याच बाईंनी आठवड्याची वही लिहायला सांगितली. मी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिली. एका दिवसाचं असं:

"मंगळवार. ६.१० नळी. ६.४० खुर्चीवर, मी कमरेला धरलं. बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही, प्लास्टिकच्या स्टुलावर सरकवून आत. अंघोळ ४० मिनिटं, पाठ-पाय मी. १०.१५ नळी. ११ ला वॉकरवर नऊ पावलं, पाय थरथरले, बसला. २.३० नळी. ४ ला चादर ओली, बदलली. ६.३० नळी. १०.३० नळी. रात्री दोनदा कूस बदलली."

बाळाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, हे द्यायचं का त्यांना?" मी म्हटलं, तू नको म्हणालास तर नाही देणार. दोन दिवसांनी त्यानेच ते पान फाईलमध्ये लावलं. त्याची परवानगी घेतली हे मला महत्त्वाचं वाटतं. शरीर त्याचं आहे.

आता टक्के कसे मोजतात ते. हे माहीत नसल्यामुळे लोक बाहेर येऊन भांडतात. पायांच्या अपंगत्वात एक भाग हालचालीचा असतो, म्हणजे सांधे किती वळतात, स्नायूंत किती ताकद आहे. दुसरा भाग स्थैर्याचा. त्यात सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यांवर बसणं आणि वळणं अशा नऊ गोष्टी बघतात, प्रत्येकी दहा गुण. "जिना धरून चढतो" या बाळाच्या एका वाक्याची किंमत मला हे कळल्यावर समजली. आणि दोन भागांची साधी बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकडा पूर्ण मिळवत नाहीत. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. समजा एक ६० आणि दुसरा ४५. बेरीज १०५ होते, पण हिशोबाने ३० गुणिले ४५ भागिले ९० म्हणजे १५, आणि एकूण ७५. म्हणून "दोन्ही पाय गेले तरी शंभर का नाही" असं विचारू नका.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, करायचा, त्यातूनच यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्र मिळतं. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो. आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडायचं. पुण्यात ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम रुग्णालय जवळ पडतं. जुना दाखला असेल तर नवीन नोंदणी करू नका, आधीच्याच क्रमांकावर नूतनीकरण असतं. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या की काम अडतं. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. बाळाच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं आणि रेशनकार्डावर होतं, तेवढ्यासाठी एक खेप वाया गेली. हाडांच्या तपासण्या ठरावीक वारीच असतात, आदल्या दिवशी कोणाला तरी पाठवून वार विचारून घ्या. अर्ज आणि दाखला दोन्हीला फी नाही. "साहेबांशी बोलतो" म्हणणारा कोणी दारात भेटला तर सरळ पुढे जा.

ससूनला जायचं असेल तर खुर्चीवरच्या माणसासाठी मेट्रो मला रिक्षापेक्षा सोपी वाटली. रिक्षात खुर्ची घडी घालून मागे बांधावी लागते आणि माणसाला दोनदा उचलावं लागतं. स्वारगेटला लिफ्टने खाली, जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर गाडी बदलायची, तिथेही लिफ्ट आहे, आणि पुणे रेल्वे स्टेशनला उतरायचं. मात्र धनकवडीपासून स्वारगेट आणि तिकडे स्टेशनपासून ससूनचं फाटक, या दोन तुकड्यांना बरोबर एक दणकट माणूस हवा. आमचे हे सुट्टी टाकून आले होते.

फाईल अशी लावा की वरचा कागद सगळ्यात कामाचा. वर थेरपिस्टचा रिपोर्ट, मग वही, मग डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, जुना दाखला. सगळ्याच्या दोन झेरॉक्स. नळीचं सामान, पाणी, जास्तीची चादर आणि पँट पिशवीत. नळीची वेळ चुकवू नका, रांग गेली तरी चालेल. मी रांगेत उभी राहिले आणि यांनी बाळाला नेऊन आणलं.

रोज जसा राहतो तसाच तो आत गेला, खुर्चीवर, कॅलिपर न बांधता. डॉक्टरांनी कॅलिपर बांधून उभं राहायला सांगितलं, तेही केलं, तीन पावलांवर थांबला. मी म्हटलं, "साहेब, याला सगळ्यांसमोर सांगायला अवघड जातं, ते या पानावर लिहिलंय, तुम्ही वाचलंत तर बरं." त्यांनी वही वाचली. पूर्ण पान. मग पडदा ओढायला लावला आणि नीट तपासलं. या वेळी दाखला आला ८२ टक्क्यांचा, कायमचा.

टक्के पटले नाहीत तर भांडून उपयोग नाही, पण गप्प बसायचीही गरज नाही. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अर्जाला दाखल्याची प्रत आणि जे कागद बोर्डाने बघितले नाहीत ते जोडा, पोच घ्या. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. दाखला द्यायलाच टाळाटाळ झाली तर तिथे लेखी तक्रार द्यायला आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही, एवढी आपली सोय आहे.

संजय गांधी योजनेसाठी आपल्या भागाच्या तहसील कार्यालयात दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, आधार जोडलेलं बँक पासबुक हे लागतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा विसरू नका. तो चुकला की पैसे थांबतात आणि परत सुरू व्हायला महिने जातात.

खुर्चीबद्दल शेवटचं. केंद्राच्या एडिप योजनेत कानपूरच्या अलिम्को कंपनीची साधनं मिळतात. आधी मोजमापाचं शिबिर होतं, नंतर काही महिन्यांनी वाटपाचं. एकदा साधन घेतलं की काही वर्षं तेच पुन्हा मिळत नाही. म्हणून मोजमापाच्या शिबिरात थेरपिस्टचा रिपोर्ट पुढे करा आणि फॉर्मवर काय लिहिलं जातंय ते डोळ्यांनी बघा. फुकट मिळतंय म्हणून चुकीच्या मापाची खुर्ची घेतली तर माणूस त्यात वर्षानुवर्षं वाकडा बसतो.

बाळाची १६ इंची खुर्ची आली तेव्हा पहिल्यांदा बाथरूमच्या दाराशी नेली. दार पंचवीस इंचांचं. जुनी खुर्ची बाहेरून सव्वीस भरायची, ही आत गेली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. मग थेरपिस्ट बाईंनी शिकवलेली परीक्षा केली. तो गादीवर बसल्यावर मी हात त्याच्या बसण्याच्या हाडाखाली सरकवला. बोटांची टोकं वरखाली हलवता आली पाहिजेत. हलत नाहीत पण हात सहज निघतो, तर गादी बदलायचा विचार करा. हात चेपून अडकतो, तर त्या गादीवर बसवूच नका. माझी बोटं हलली. दुसरीकडेही हलली. तरी दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं हे त्याला आता पाठ झालंय. टीव्हीवर जाहिरात लागली की उचलतो.

वहीतल्या त्या पानावर खाली तारखा टाकल्या आहेत. बसून वजन वाढतं, पाय बारीक होतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पुस्तकं लावून माप घ्यायचं. मागच्या आठवड्यात घेतलं. पंधरा भरलं.